घोडी नवरदेव घेऊन गेली तेव्हा

"धरा! अरे धरा ना रे तिले! नवरदेव गेला! गेला ना बापा नवरदेव!"

असं ओरडत होते ते माझे मामेसासरे. म्हणजे नवरदेवाचे मामा. तेव्हा ते माझे कोणी लागत नव्हते, लागायला थोडाच वेळ बाकी होता, आणि आता ते कधीच लागणार नाहीत अशी वेळ डोळ्यांदेखत आली होती. कारण ज्याच्याशी माझं लग्न लागायचं तो माणूस, कपाळाला बाशिंग, तोंडावर फुलांच्या माळा, हातात कट्यार, असा आमच्याच घोडीवर बसून आमच्याच गावातून भरधाव बाहेर चालला होता. घोडीच्या चारही पायांपैकी एकही जमिनीला लागत नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या घरात खोटं कोणी बोलत नाही, फक्त खऱ्याला वेळच्या वेळी चारापाणी घालतो.

मी घराच्या स्लॅबवर उभी होते. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. मारुतीच्या पाया पडला की मग नवरदेव मांडवात. नवरीनं परण्या बघू नये असा नियम आहे. तो बघता यावा म्हणूनच स्लॅब असतो, अशी माझी समजूत होती.

झालं होतं असं, की नवरदेवाच्या मित्रांनी फोटोवाल्याबरोबर ड्रोन आणला होता. परण्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आला आणि त्यांनी ते भिरभिरं वर सोडलं. आता, आमची घोडी काही भित्री नव्हती. तिच्या पोटाखाली फटाक्यांची लड फुटली तरी ती जांभई द्यायची. ज्या डीजेनं मागच्या उन्हाळ्यात चार घरांची कवेलं खाली आणली, त्या डीजेसमोर ती उभ्याउभ्या झोप काढायची. पण तिच्या सात पिढ्यांत आभाळातून गुणगुणत खाली येणारी वस्तू कोणी पाहिली नव्हती. ड्रोन तिच्या कानाजवळ आला. तिनं मान वर केली. मग कोणाला काही कळायच्या आत बाबांच्या हातातून लगाम सुटला, बँडवाल्याचा ढोल उताणा पडला आणि नवरदेव गेला.

सगळं गाव बाबांकडे वळलं. बाबा म्हणजे माझे वडील. घोडी त्यांची, पोरगी त्यांची, चाललेला जावई त्यांचा. परण्याच्या शोभेसाठी त्यांनी आपला दुसरा, पांढरा घोडाही सजवून आणला होता. तो खोगीर, झूल, गोंडे लेवून त्यांच्या शेजारी उभा होता. जणू याच कामासाठी जन्मला होता.

"बसा ना!" मामा ओरडले. "बसा त्याच्यावर अन् जा तिच्या माघं!"

"बस ना बे!" बाबांचे लंगोटीयार ओरडले. "पाहून काय राह्यला? टाच मार!"

बाबांनी घोड्याकडे पाहिलं. घोड्यानं बाबांकडे पाहिलं. मग बाबांनी काय करावं? त्यांनी पांढऱ्या घोड्याचा लगाम मामांच्या हातात दिला, नवे जोडे काढून बाजूला नीट जोडीनं ठेवले आणि धोतराचा काचा मारून पळत सुटले. पायी. घोडीमागे. वावरातून.

नवरदेव गेला तेव्हा गावानं "अरे बापा" केलं होतं. बाबा पायी निघाले तेव्हा मात्र कोणाच्या तोंडातून आवाजही फुटला नाही.  घोडी उधळू शकते, ड्रोन पडू शकतो, लग्न मोडूही शकतं, पण आमचे बाबा घोडा समोर असताना पायी धावतात, हे मला सूर्य आर्णीकडून उगवून पुन्हा आर्णीकडेच मावळल्यासारखं वाटलं.

का, ते समजायचं तर बाबा कोण होते ते सांगायला हवं.

आमच्या गावात ज्याच्याकडे वावर त्याच्याकडे बैल. बाबांकडेही वावर होतं, पऱ्हाटी होती, तूर होती, बैलजोडीही होती. पण कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, पहिली जागा घोड्यांची. लहानपणी ते पांढरकवड्याकडे एका बड्या ठेकेदाराकडे घोडे सांभाळायला होते. खरारा करायचा, दाणापाणी करायचं, मालक आला की लगाम धरून उभं राहायचं. तिथून आले ते घोड्याचं वेड घेऊनच. त्यांना घोड्याची नाडी कळायची. घोडा कण्हायच्या आधी त्यांना कळायचं की उद्या याचं पोट दुखणार आहे. आम्हा तिघी बहिणींपैकी कोणाला ताप आला तर आईनं दोनदा सांगावं लागे, घोडी शिंकली की बाबा ताट सोडून उठत.

"लगन माह्यासंगं लावलं अन् संसार घोडीसंगं केला या मानसानं," आई म्हणायची.

"ती लाथ मारत नाही," बाबा म्हणायचे.

"बोलत नाही म्हना ना."

"तेही हाये."

पण प्रेमळ म्हणाल तर इतका प्रेमळ बाप पंचक्रोशीत नव्हता. शाळा दुसऱ्या गावात. आम्ही तिघी घोडीवर, पुढं धाकटी, मधे मी, मागे मोठी. बाबा लगाम धरून पुढे चालत. आर्णीच्या बाजाराला जायचं तर आईही वर, आईच्या पिशव्याही वर, एकदा तर विकायला नेलेली बकरीसुद्धा वर होती आणि आमच्यापेक्षा ऐटीत बसली होती. पावसाळ्यात नाल्याला कमरेएवढं पाणी आलं की बाबा पाण्यात आणि आम्ही वर, कोरड्या ठणठणीत. महागावच्या डॉक्टरकडे धाकटीला न्यायचं होतं तेव्हा एसटी चुकली, तर बाबा तिला घोडीवर बांधून घेऊन गेले आणि डॉक्टरनं धाकटीच्या आधी बाबांच्या पायाच्या फोडांना औषध लावलं.

आणि मी? मी शाळेत सांगायचे की माझे बाबा घोड्यावर उभं राहून तंबाखू मळतात. महागावात चहा पिऊन निघाले तर आर्णीत पोचेपर्यंत मिशीवरचा चहा ओला असतो. एकदा वाघ आडवा आला तर बाबांनी घोडा त्याच्यावरून उडवला आणि वाघाला अजून माहीत नाही काय गेलं ते. पोरी तोंडं उघडी टाकून ऐकायच्या. पुढं कॉलेजच्या होस्टेलवर मी एका वाघाचे दोन वाघ केले. बाबांच्या कानावर हे सगळं जायचं. ते कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत. हातानं घोडीची मान थोपटत राहायचे. मला वाटे, मोठी माणसं अशीच नम्र असतात.

लग्नसराईत मात्र बाबांचा थाट असे. नवरदेवाची घोडी म्हटलं की आमचीच. आणि त्यांची एक रीत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ते घोडी घेऊन त्या गावी जात, जानोशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथून, मारुतीपर्यंतची वाट तिला चालवून दाखवत आणि मारुतीसमोर उभं करून गुळाचा खडा देत. "तिले मालूम पाह्यजे कुठं जाचं हाये," असं म्हणत. मग दुसऱ्या दिवशी कितीही गर्दी असो, बँड असो, पिऊन नाचणारे असोत, घोडी सरळ गुळाच्या दिशेनं निघायची. बघणाऱ्याला वाटे, काय भाविक जनावर आहे!

इथंच घात झाला. माझ्या लग्नाची तिथी म्हणजे दाट तिथी, त्याच दिवशी नाल्यापलीकडच्या गावातही लग्न होतं. माझं ठरायच्या आधीच बाबांनी त्यांना घोडीचा शब्द दिला होता. आई म्हणाली, नाही म्हणून सांगा, आपल्या पोरीचं लग्न आहे. बाबा म्हणाले, दिलेला शब्द कसा फिरवू, त्यांचा परण्या आपल्यानंतर आहे, पोरीचा नवरदेव उतरला की घोडी तिकडं नेतो. आणि आदल्या संध्याकाळी ते रीतीप्रमाणे घोडीला पलीकडच्या गावची वाट दाखवून, तिथल्या मारुतीसमोर गूळ चारून आले. स्वतःच्या गावात त्यांनी हे केलं नाही. "इथं जलमली ते. तिले काय वाट दाखवाची?"

आता घोडीच्या बाजूनं विचार करा. आभाळातून राक्षस आला. पाठीवर नवरदेव आहे. पाठीवर नवरदेव असला की कुठं जायचं? जिथं काल गूळ मिळाला तिथं.

पण हे कोणाला ठाऊक! गावातली पोट्टी मोटरसायकली काढून डांबरी रस्त्यानं आर्णीच्या दिशेनं गेली. घोडी वावरातून, दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, नाल्यातून गेली होती, तिथं मोटरसायकल जात नाही. आणि मांडवात मामांनी सभा सुरू केली.

"आमचा भाचा मेला का जित्ता हाये ते मालूम नाही! गोरज मुहूर्त टळला त आमी गाड्या फिरवतो! वरात वापस नेतो!"

खाली माझी मोठी बहीण रडायला लागली. मी वरून खाली धावत आले. हातावर मेंदी, पायावर हळद, तशीच. वरात परत गेलेली पोरगी म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाव चांगलं असतं, पण ते दर लग्नात तुमच्याकडे बघून हळू आवाजात बोलतं, आणि ते मरेपर्यंत.

आई एकटी शांत होती. ती अक्षता निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "वरात वापस नेता, पन नवरदेव कुठं हाये तुमच्यापाशी? नवरदेवाबिगर वरात म्हंजे नुसते बाजाराले आलेले लोक."

 मामांची आणखी एक पंचाईत झाली होती. पांढऱ्या घोड्याचा लगाम त्यांच्या हातात होता. बाबांनी दिला तो दिला, दुसरा कोणी घ्यायला तयार नव्हता. सोडावा तर हाही घोडा जाणार. त्यामुळे वरातीचे मुख्य पुढारी घोड्याला बांधलेले होते, का घोडा त्यांना, हे सांगणं अवघड होतं. त्या घोड्यानं तेवढ्यात त्यांच्या फेट्याचा तुरा खाऊन टाकला. गाड्या फिरवायचा विषय तिथंच अडला. बाबांनी लगाम मुद्दाम त्यांच्याच हातात दिला होता का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पलीकडे काय झालं, ते मी पाहिलं नाही. पण माझ्या नवऱ्यानं ते मला इतक्यांदा सांगितलं आहे, आणि दर वेळी इतकं वेगळं, की मला ते पाहिल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पलीकडच्या गावात मारुतीसमोर बँडवाले, बाया, पोरंबाळं घोडीची वाट बघत उभी. त्यांचा नवरदेव अजून जानोशात पायजम्याची नाडी शोधत होता. इतक्यात नाल्यातून आमची घोडी वर आली, धापा टाकत, पण अगदी शिस्तीत मारुतीसमोर येऊन उभी राहिली आणि गुळासाठी मान पुढं केली. वर बाशिंग बांधलेला नवरदेव. लोकांना वाटलं, वा! काय माणूस आहे, घोडी तर धाडलीच, नवरदेवही बसवून धाडला! बँडवाल्यांनी एकदम सुरू केलं. बायांनी आरत्या पेटवल्या.

"मी तो नव्हे!" नवरा ओरडत होता. पण तोंडावर माळा, माळांतली फुलं तोंडात, वर बँड. एका म्हातारीनं त्याला पहिला टिळा लावला.

"आजी, मी तो नव्हे!"

"असंच म्हनते रे हरेक जन," म्हातारी म्हणाली. "लगन झाल्यावर त अजूनच म्हनते. घे, पेढा खाय."

पेढा तोंडात गेल्यावर उरलंसुरलं बोलणंही गेलं. एवढ्यात खरा नवरदेव बाशिंग सावरत चालत आला, आणि आपल्या जागी बाया दुसऱ्यालाच ओवाळून राहिल्या आहेत हे बघून त्याचं जे तोंड झालं, ते नवरा अजून करून दाखवतो. नवरीचे भाऊ बाह्या वर करून पुढं झाले. "कोन हाये बे तू?" कट्यार त्याच्याही हातात, कट्यार याच्याही हातात. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझा नवरा एक तर मार खाऊन आला असता, नाहीतर तिथंच लग्न लावून.

तेव्हा नाल्यातून बाबा वर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, पायात बाभळीचे काटे, डोक्यावरचा फेटा कुठल्या तरी धुऱ्यावर राहिलेला. जावयाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी घोडीच्या गळ्यावर हात ठेवला, चारही पाय उचलून खूर पाहिले, मग दोन्ही हात जोडले.

"गलती माही हाये. हा आमचा जवाई. याचं लगन लागलं की घोडी घेऊन येतो. तुमचा परण्या राहू देत नाही."

तिथले लोक काही वाईट नव्हते. त्यांना हसू फुटलं. कोणी तरी म्हणालं, "बाबाजी, तुमीही बसा ना माघं. लवकर पोचसान."

बाबांनी मान हलवली. नाल्यात आल्यावर नवरा म्हणाला, "बाबाजी, मी उतरतो. तुमी बसा. तुमच्या पायातून रक्त येऊन राह्यलं."

"घट्ट धरा जवाईबापू," बाबा म्हणाले, आणि लगाम धरून पुढं धावत सुटले. नवरा सांगतो, त्या वावरातून त्याला समोर फक्त बाबांची पाठ दिसत होती, घामानं भिजलेली, आणि तो वर कापसाच्या गाठोड्यासारखा हिंदकळत होता आणि त्याला लाज वाटत होती.

सूर्य टेकत होता तेव्हा ते गावात शिरले. मारुतीचं दर्शन धावत झालं. मांडवात अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, आणि माझं लग्न लागलं. अक्षता पडताना मला समोर नवरा दिसत नव्हता, अंतरपाटाखालून बाबांचे पाय दिसत होते.

बाबा शब्दाप्रमाणे लगेच घोडी घेऊन पलीकडे निघाले. तेव्हा मामा वाटेत आले. पांढऱ्या घोड्याचा लगाम अजून हातात. फेट्याला तुरा नाही.

"याहीबुवा," ते म्हणाले, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं, "हा घोडा इथं सजवून उभा. तुमची पोरगी मांडवात. आमी वरात फिरवाच्या गोष्टी करून राह्यलो. अन् तुमी पायी पळाले? काहून?"

सगळा मांडव ऐकत होता. जेवणावळीतले वाढपी थांबले.

"मले घोड्यावर बसता येत नाही," बाबा म्हणाले.

मी खरंच सांगते, वाऱ्यानं मांडवाची झालरसुद्धा हलायची थांबली. मग कुजबुज सुरू झाली. "थट्टा करून राह्यला बुढा." "असं कुठं होते का?" बाबांच्या लंगोटीयारांनी एकमेकांकडे पाहिलं. तू पाह्यला का याले कधी घोड्यावर? मी नाही, मले वाटलं तू पाह्यला. मले वाटलं तू. गावातला प्रत्येक माणूस आठवायला लागला आणि प्रत्येकाला घोडा आठवला, लगाम आठवला, लगाम धरून चाललेले बाबा आठवले. घोड्यावर बसलेले बाबा कोणालाच आठवेनात. सगळ्या गावानं त्यांना घोड्यावर पाहिलं होतं ते माझ्या तोंडून.

मी आईकडे पाहिलं. ती उरलेल्या अक्षता पदरातून झटकत होती. तिला काहीच नवीन वाटलेलं नव्हतं.

बाबा घोडी घेऊन निघून गेले. पाठवणीच्या वेळी परत आले, पायाला हळद बांधलेली. तेव्हा मला काही विचारता आलं नाही, रडण्याचंच काम जास्त होतं.

आता बाबा नाहीत. कोठ्यात धाकटीच्या नवऱ्याची मोटरसायकल असते. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हाचं सांगायचं राहिलं. बाबा कोठ्यात घोडीचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होते. मी उंबऱ्यावर बसले. अजून माझा धक्का ओसरला नव्हता. चार महिने सासरी मी कोणाला बाबांची एकही गोष्ट सांगितली नव्हती, हे माझ्यासारखीसाठी मौनव्रतच.

"बाबा, खरंच येत नाही?"

"नाही."

"ठेकेदाराच्या तिकडं बी नाही?"

"तिथं कोन बसू देत होतं? लगाम धराचं काम."

"पन मंग स्वतःचे घोडे झाले. एवढी वर्सं झाली. कधी एखांद्या दिवशी बसून पाहावं, असं नाही वाटलं तुमाले?"

बाबांनी खुरातला खडा काढला, बोटांत धरून पाहिला आणि बाहेर टाकला.

"तुमी बसून राहत ना सगळ्या," ते म्हणाले. "मले जागा कुठं होती?"